पावले आणि जवारी

कन्येच्या कानांवर आणि केसांत काळे खवले दिसू लागले, तेव्हा आमच्या घरात आधी त्वचारोगतज्ज्ञांचे नाव निघाले. मग तेच खवले उशीच्या अभ्र्यावर सापडले, एक माझ्याही कानाच्या पाळीला चिकटलेला निघाला, आणि रोगाचे मूळ टेबलावरच्या हेडफोनच्या गाद्यांत असल्याचा उलगडा झाला. पुण्याचा वैशाख, घाम आणि तासन्‌तास कानाला चिकटलेले रेक्झिन यांनी मिळून दोन वर्षांत त्या गाद्यांची साल सोलून काढली होती. त्याच सुमारास वायरही पिनेपाशी मोडली. ती अंगठ्याने एका विशिष्ट कोनात दाबून धरली, तरच डावा कान चालू राही. तसे धरून संगणकावर खेळणे कन्येला अशक्य होते. मी मात्र त्या अवस्थेतही अर्धा तास यमन ऐकला, हे येथे नमूद करतो.

नवा हेडफोन अडीच हजारांच्या आत आणि दोघांत मिळून एकच, असे ठरले. यातली दुसरी अट सौभाग्यवतींची. "दोघेही एकदम बहिरे झालात, तर कुकर कोण बंद करणार?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे जो घ्यायचा तो रात्री दहापर्यंत कन्येच्या नेमबाजीच्या खेळासाठी आणि त्यानंतर माझ्या जुन्या मैफलींसाठी, अशा दोन पाळ्यांत राबणारा हवा होता. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत, अशी माझी पक्की समजूत होती, आणि कन्येचीही.

रविवार टाळून आम्ही मेट्रोने मंडईला उतरलो आणि चालत तपकीर गल्लीत गेलो. दिव्याच्या माळांपासून सोल्डरिंगच्या तारेपर्यंत सारे काही जिथे मिळते, तिथे हेडफोनची वानवा नव्हती. दुकानदाराने पहिला नमुना काढला तो निळ्या-जांभळ्या दिव्यांचा. दिवे नेमके कानांवर, म्हणजे घालणाऱ्याला कधीच न दिसणारे. शिवाय ते पेटवण्यासाठी एक जादा यूएसबी पिन लावावी लागते. खोक्यावर '7.1 सराउंड' असे ठसठशीत छापलेले होते. वास्तविक प्रत्येक कानापाशी त्यात आवाज काढणारा एकच पडदा होता, आणि सात दिशांचा भास संगणकातली प्रणाली आवाजावर संस्कार करून घडवते. पुष्कळ खेळांत ही सोय आतच असते, आणि दोन्ही एकदम चालू केल्या तर दिशा स्पष्ट होण्याऐवजी पुसट होते, हे कन्येने दुकानदाराला इतक्या शांतपणे सांगितले की त्याने मुकाट्याने ते खोके मागे सरकवले.

खोक्यांवरचे आकडे वाचण्याचा मला नाद आहे. '20 ते 20,000 हर्ट्झ' हे चारशे रुपयांच्या खोक्यावरही होते आणि चार हजारांच्याही, आणि पन्नाशीच्या कानाला त्यातल्या वरच्या टोकाचे फारसे काही ऐकू येत नाही, तेव्हा तो आकडा मी सोडून दिला. '32 ओहम' मात्र पाहून घेतला, कारण 250 ओहमचा हेडफोन मोबाइलला लावला तर आवाज बहुधा दबकाच येतो आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. बिनवायरीचे हेडफोन कन्येनेच बाद केले. ब्लूटूथने आवाज पोहोचायला साधारण सेकंदाचा पाचवा-सहावा भाग उशीर होतो. गाणे ऐकताना तो कळत नाही, पण खेळात तेवढ्यात माणूस गारद होतो. त्यातच बोलण्यासाठी माइक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन फोनवरच्या बोलण्याच्या प्रतीला उतरतात.

खरी परीक्षा मोबाइलवर घेतली. मी तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण नेले होते, आणि कन्येने आपल्याच एका डावातला तुकडा, ज्यात शत्रू भिंतीमागून पळत येतो. 'गेमिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या पहिल्या तीन हेडफोनांत माझा खर्ज असा घुमला की तानपुरा जणू रिकाम्या पिंपात ठेवला असावा. तारेतून उठणारी जवारीची बारीक, झिणझिणती कड त्या घुमण्याखाली पार बुडाली. कन्येने तेच तीन घातले आणि तीनही नाकारले. स्फोट झकास येतात, म्हणाली, पण त्यांच्या धडाक्यात पावले हरवतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिची पावले आणि माझी जवारी एकाच खड्ड्यात पडत होती.

त्याचे कारण नंतर विचार करता पटले. एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा आणि किंचित फिका पोहोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. हे बारकावे जपायचे, तर खालच्या सुरांनी बाकीच्यांच्या अंगावर बसता कामा नये. बैठकीतही तबलजीने डग्ग्याचा असाच भडिमार केला, तर गवई मागे वळून पाहतोच.

चौथा हेडफोन साधा, काळा, स्टुडिओत वापरतात तशा घाटाचा निघाला. दिवा नाही, माइकही नाही. गाद्या कापडी, आणि वायर काढता-घालता येणारी, म्हणजे पुन्हा मोडली तर अंगठा न लावता नुसती वायर बदलता येईल. त्यात जवारी वर आली, आणि कन्येने डोळे मिटून "डावीकडून, मागून, दोघे आहेत" असे सांगितले. किंमत दोन हजारांच्या थोडी खाली. माइकसाठी कॉलरला लावायचा छोटा, स्वस्तातला घेतला. संगणकाला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असल्याने जोडणीचा प्रश्न आला नाही. कापडी गाद्यांतून आवाज थोडा बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आत येतो, हा दोषच. गणपतीआधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तो जाणवेल. कुकरच्या शिट्ट्या मात्र ऐकू येतात, त्यामुळे घरातल्या तिसऱ्या मताची सोय आपोआप झाली.

पुढचे आठ दिवस भेटेल त्याला मी जवारीवर ऐकवले. नवव्या रात्री कन्या पाणी प्यायला बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बाबा, तू उलटा घातलायस."

डाव्या कपाच्या आत बोटाच्या पेराएवढा 'एल' होता, आणि तो माझ्या उजव्या कानावर होता. वायर सारखी उजव्या कोपराखाली का येते, म्हणून आठ दिवस मी त्रागा करत होतो, तो यासाठी. हेडफोन सुलटा करून मी तीच बंदिश पुन्हा लावली. खिडकीकडे बसलेला तबलजी उठून दाराकडे जाऊन बसला.