साडेसात वार आणि एक पिवळी रेघ

किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, शिवणाऱ्या एडिनबरातल्या एका छोट्या कारखान्यात मी काम करते. किल्टच्या चुण्या म्हणजे आपल्या निऱ्याच, असं मी घरी सांगते. पण नऊवारीच्या निऱ्या बोटांवर जमतात, या चुण्या आधी कागदावर जमवाव्या लागतात.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक सीटला, म्हणजे नितंबांच्या घेराला, 40 इंच, म्हणजे मागे चुण्यांसाठी साडेएकोणीस. पाऊण इंच दिसणाऱ्या 26 चुण्या. कापड साडेसात वार, गॉर्डन टार्टन, म्हणजे गॉर्डन नावाची चौकड्यांची नक्षी: निळा, काळा, हिरवा आणि हिरव्याच्या मधोमध एक पिवळी रेघ. पुढचे दोन पदर, कडा, टोकांच्या खोल चुण्या वजा जाता उरत होते 190 इंच.

पाठीवर नक्षी सलग दिसावी, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तशा किल्टला प्रत्येक चुणी नक्षीच्या एका पूर्ण फेऱ्यापेक्षा पाऊण इंच जास्त खाते, तेव्हाच शेजारच्या चुणीत नक्षीचा पुढचा तुकडा येतो. फेरा, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, साडेसहा इंचाचा. 26 गुणिले सव्वासात, 188.5. बसलं!

खडूने खुणा करत गेले आणि पंचविसाव्या चुणीला कापड संपलं.

फेरा मी नमुन्याच्या पातळ तुकड्यावर मोजला होता. जाड लोकरीचं सूत जाड, तिच्यात तीच नक्षी सात इंचांवर गेलेली. असली चूक पहिल्या महिन्यात शोभते.

चुण्या 24 करून थोड्या रुंद केल्या असत्या तर निभावलं असतं. पण दुसरी रीतही होती: प्रत्येक चुणीवर तीच पिवळी रेघ मधोमध आणायची. मग चुणी नेमका एक फेरा खाते. 26 गुणिले सात, 182. आठ इंच उरतात! गॉर्डन हायलँडर्स पलटणीचे किल्ट असेच असत. उभं राहिलं की पिवळ्या रेघांची रांग, चाललं की आतला निळा-काळा उघडतो. त्रास एवढाच की कमरेकडे चुणी निमुळती करताना दोन्ही बाजूंनी सारखंच आत घ्यावं लागतं. सूतभर चुकलं तरी रेघ वाकडी दिसते.

घाबरतच गिऱ्हाईकाला फोन केला.

"माझे आजोबा त्याच पलटणीत होते," तो म्हणाला. "मला तसाच हवा होता. तुम्ही विचारलंच नाहीत."

मापं मीच घेतली होती. ब्रश घेतला आणि खडू झाडायला बसले.