एकच सायकल: ऑफिसलाही, मढे घाटालाही

रांजणे गाव मागे पडलं की पाबे घाटाचा चढ अंगावर येतो. सायकल घेताना दुकानात केलेला हिशेब बरोबर होता की चूक, ते तिथे पायांना कळतं. मी सगळ्यात हलक्या गिअरवर ताशी साडेसहा किलोमीटरने चढत होते. भाऊ माझ्या थोडा मागे होता. मैत्रीण सीटवरून उठून, उभ्यानं पॅडल मारत होती, कारण तिच्याकडे याहून हलका गिअर उरलाच नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी एका शनिवारी आम्ही तिघं पुण्यातल्या धायरीहून निघालो. खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे घाट, वेल्हे, तिथून केळद आणि शेवटी मढे घाटाचा कडा. केळदला मुक्काम केला आणि रविवारी त्याच वाटेनं परत. तिघांच्या सायकली तीन जातीच्या होत्या. "एकच सायकल घ्यायचीये, रोज ऑफिसला न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्या रस्त्यावरही घालायची, कुठली घेऊ?" असं मला सोसायटीत, ऑफिसात सारखं कुणीतरी विचारतं. या दोन दिवसांनंतर उत्तर देणं मला बरंच सोपं झालंय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझी हायब्रिड आहे. सरळ हँडल, पुढे शॉकर नाही, 700 बाय 40 चे टायर (म्हणजे 40 मिलिमीटर जाड), डिस्क ब्रेक. तीन वर्षं ती मला रोज शिवाजीनगरला नेते, जाऊन-येऊन बावीस-तेवीस किलोमीटर. भावाची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, साडेसत्तावीस इंची चाकं, 2.1 इंची जाड उंचवट्यांचे टायर आणि पुढे शॉकर. मैत्रिणीची रोड बाईक, वाकडं हँडल, 28 मिलिमीटरचे टायर.

धायरी ते खडकवासला मैत्रीण आमच्या पुढेच होती. गुळगुळीत डांबरावर त्या सायकलीला तोड नाही. भावाच्या टायरचा मात्र घूंऽऽ असा आवाज मागून येत होता. त्या उंचवट्यांना डांबरावर काम नसतं, ते नुसते ताकद खातात. तो हीच सायकल घेऊन महिनाभर ऑफिसला गेला आणि मग पुन्हा स्कूटरवर आला. आळस हे त्याचं कारण नव्हतं. रोज दहा-अकरा किलोमीटर ओढत न्यावी लागणारी वस्तू कोणीही शेवटी गॅलरीत उभी करतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की निवड सोमवार ते शुक्रवारवरून करा. वर्षातले दोन-अडीचशे दिवस ही सायकल शहरातच चालणार आहे. शिवाय रोज चालवून पाय तयार झाले तरच शनिवारचा घाट चढवतो.

आता गिअर. दुकानात "एकवीस गिअर, चोवीस गिअर" सांगतात. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. विचारायचं एवढंच: पुढच्या सगळ्यात लहान चकतीला दाते किती आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती? माझ्या सायकलीला पुढे 28, मागे 34. चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मी 1.8 मीटर पुढे जाते. मैत्रिणीला पुढे 34, मागे 28, म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ 2.6 मीटर. सपाटीला हा फरक जाणवतही नाही. पाबे घाटात तोच फरक गुडघ्यांवर येतो. भावाचा हिशेब माझ्या जवळपास निघाला, तरी तो मागे पडत होता, कारण प्रत्येक पॅडलला त्याचा शॉकर खाली-वर होत होता आणि बंद करायची कळ त्याला नव्हती. मागची मोठी चकती पुढच्या लहान चकतीपेक्षा मोठी किंवा निदान तेवढीच हवी. हे जमत नसेल तर ती सायकल सह्याद्रीसाठी नाही, तिचा रंग कितीही आवडला असला तरी.

घाटमाथ्यावर तोरणा आणि राजगड एकदम समोर येतात. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. पाणी प्यायलो, शेंगदाण्याच्या पोळ्या खाल्ल्या. वेल्ह्याच्या बाजूला उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी घट्ट दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा. डिस्क तापली की पकड कमी होते आणि हातही भरून येतात. ब्रेकबद्दल इथेच सांगते: तारेवर चालणारे डिस्क ब्रेक मला पुरेसे वाटतात. पॅड झिजले की ते हातानं जवळ घेता येतात आणि तार गावच्या दुकानातही मिळू शकते. तेलावरचे ब्रेक बोटाला हलके लागतात हे खरं, पण वेल्ह्यात तेल गळालं तर काय करणार? रिम ब्रेक, म्हणजे थेट चाकाच्या कड्यावर दाबणारे, कोरड्या दिवसांत काहीच वाईट नाहीत. पुण्याच्या पावसात मात्र चिखलाची वाळू पॅडमध्ये बसते आणि रिम घासली जाते.

वेल्ह्यात पोहे-चहा झाला. मैत्रिणीनं तिथेच थांबायचं ठरवलं. पुढचा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी उखडलाय असं चहावाल्यानं सांगितलं आणि तिच्या फ्रेममध्ये 30 मिलिमीटरपेक्षा जाड टायर बसत नाही. तिला वाईट वाटलं, मलाही. या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी तिच्या सायकलीकडे बघून शिकले: टायर नंतर बदलता येतो, फ्रेममधली जागा बदलता येत नाही. सायकल घेताना मागचं चाक फ्रेमला जिथे जोडलंय तिथे वाकून बघा. टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी सहज जायला हवी. "यात जास्तीत जास्त किती जाड टायर बसतो?" असं थेट विचारा. 40 किंवा त्याहून जास्त असं उत्तर आलं तर पुढे बोला. ऑफिससाठी 35 चे घालाल, डोंगरासाठी 40 चे, सायकल तीच.

वेल्ह्याहून भट्टीच्या खिंडीतून केळदकडे जाताना डांबर, खडी आणि मुरूम यांची सरमिसळ आहे. उखडलेल्या उतारावर भाऊ पहिल्यांदाच माझ्या पुढे गेला. त्याचा शॉकर तिथे खरंच कामाला आला, हे मी मान्य करते. मला मनगटांत धक्के बसत होते. पण दोन दिवसांत अशा उताराचे किलोमीटर मोजले तर फार तर पाच-सहा भरतील आणि तेवढ्यासाठी स्वस्त शॉकरचं अडीच किलो वजन बाकीचा सगळा रस्ता वाहायचं मला पटत नाही. जाड टायरमधली हवा योग्य असेल तर निम्मं काम तीच करते.

हवेबाबत मात्र माझी चूक झाली. डांबरासाठी 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली होती. वेल्ह्यात ती उतरवताना अंदाजानं फार सोडली, तीसच्याही खाली गेली असणार. केळदच्या अलीकडे एका दगडाच्या धारेवर मागचं चाक आपटलं आणि खट् असा आवाज आला. शंभर पावलांत टायर बसला. ट्यूब बाहेर काढली तर पंपानं भरलेली हवा कुठूनतरी जात होती, नेमकं भोक सापडेना. शेजारच्या खाचरात भाताचे भारे रचणारे आजोबा येऊन उभे राहिले. "पोरी, पाण्यात बुडवून बघ की," म्हणाले आणि स्वतःच घमेल्यात पाणी घेऊन आले. पाण्यात ट्यूब दाबली आणि बुडबुड्यांच्या दोन बारीक रेघा शेजारी-शेजारी वर आल्या. सापाच्या दातांसारख्या दोन चिरा. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली की असंच होतं. काट्याचं पंक्चर एकच भोक करतं. दोन दिसली तर हवा कमी होती असं समजा. एका मोठ्या पॅचनं दोन्ही झाकल्या, पुन्हा बुडवून बघितलं आणि आजोबांबरोबर चहा पिऊन निघालो.

माझं वजन 62 किलो आणि सामान पाचेक किलो. 40 च्या टायरला डांबरावर 50 आणि कच्च्यावर 38 ते 40 पीएसआय मला बरोबर बसतं. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. मीटर असलेला छोटा पंप घ्या, अंगठ्यानं दाबून केलेला अंदाज माझ्यासारखाच फसतो. आणखी एक: व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेली ट्यूब निवडा. बारीक व्हॉल्व्हला पंक्चरवाल्याचं नोझल बसत नाही. तसाच असेल तर पितळी अडॅप्टर मिळतो, अगदी किरकोळ किमतीत, तो व्हॉल्व्हलाच लावून ठेवा.

केळदहून मढे घाटाचा शेवटचा तुकडा आम्ही तीन वाजता केला. लाल माती, गवत पिवळं पडलेलं, झऱ्याची बारीक धार तेवढी शिल्लक. 1670 मध्ये सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले आणि त्यांचा देह याच घाटानं उमरठला नेला, असं परंपरा सांगते. सकाळी आम्ही सिंहगडाच्या पोटाशी होतो आणि दुपारी इथे. हे अंतर खांद्यावर देह घेऊन, रस्ता नसताना, पायी कापलं गेलं असेल, हे त्या कड्यावर उभं राहून मनात आलं आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. खाली कोकणातल्या वाड्यांवर दुपारचं धुरकट ऊन पडलं होतं.

मुक्काम केळदमध्ये एका घरी. पिठलं, नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा. आधी फोन करूनच जा, कारण ऐनवेळी कोणाच्या चुलीवर भार टाकणं बरं नाही. रेंज जाते-येते, म्हणून घरी तसं सांगून ठेवा. वेल्ह्यानंतर दुकानं तुरळक आहेत, तेव्हा दोन लिटर पाणी तिथेच भरून घ्या. दोन जादा ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी पान्यांचा संच आणि चेनची एक जोडकडी एवढं लागतंच. जायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटात शेवाळ आणि धुकं असतं आणि धबधब्याच्या कडेला जाण्यात जिवाला धोका आहे.

परतताना नसरापूरमार्गे हायवे धरायचा मोह होतो, रस्ता चांगला वाटतो. पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड गाड्यांचे अपघात सतत होतात, तिथे सायकल घालू नका. त्या बाजूनं यायचंच असेल तर जुना कात्रज घाट घ्या. आम्ही पाबे घाटानंच परत आलो आणि चार वाजायच्या आत खडकवासला ओलांडलं. रविवारी संध्याकाळी धरणाच्या चौपाटीपाशी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात दमलेल्या पायांनी अडकू नये.

ग्रॅव्हल बाईकचं काय, असं विचारतील. वाकडं हँडल आणि जाड टायर असलेली ही जात चांगली आहे. दिवसाला शंभर किलोमीटर करणाऱ्यांना हात बदलायला जागा मिळते. पण किंमत बरीच वर जाते आणि सिंहगड रोडच्या गर्दीत मला सरळ हँडलच खात्रीचं वाटतं. उलट घरात बिनशॉकरची जुनी एमटीबी पडून असेल तर नवी घेऊच नका. दीड इंची, मधे गुळगुळीत असलेले टायर घाला, चेन बदला, काम झालं.

बजेटमधले पाच-सहा हजार बाजूला ठेवा: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, मडगार्ड, कॅरिअर. कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमला मागे स्क्रूची भोकं आहेत ना, हे पैसे देण्याआधी बघा. पाठीवर लॅपटॉप घेऊन अकरा किलोमीटर गेलं की शर्ट ओला होतो आणि लोक तिथेच सायकल सोडतात. आणि दुकानात गोल चक्कर मारून समाधान मानू नका. जवळचा उड्डाणपूल चढून यायची परवानगी मागा. सीटच्या पुढे उतरून, मधली नळी दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवा, मधल्या नळीवर इंच-दोन इंच जागा राहिली तर माप तुमचं.

भावानं सोमवारीच गुळगुळीत टायर मागवले. मैत्रीण म्हणते, पुढच्या खेपेला वेल्ह्यात थांबणार नाही. तिच्या सायकलीला मागे 34 दात्यांची चकती बसते का, ते आम्ही या शनिवारी बघायला जाणार आहोत. टायरचा प्रश्न आहेच. ती केळदपर्यंत माझी सायकल चालवेल, मी भावाची घेईन.