झुलत्या खुर्चीच्या कमानी: थर नव्हे, गोंद बदलायचा

मागच्या अपडेटमध्ये झुलत्या खुर्चीच्या पायांखालच्या कमानी दाखवल्या होत्या, पातळ लाकडी पट्ट्या साच्यावर वाकवून चिकटवलेल्या. त्या बाद. मापं तीच होती: टोकापासून टोकापर्यंत 900 मिमी, मध्याची उंची 120, म्हणजे त्रिज्या साधारण 904. अॅश लाकडाच्या 4 मिमीच्या सहा पट्ट्या, पीव्हीए (सुतारकामाचा नेहमीचा पांढरा) गोंद. क्लॅम्प सोडले तेव्हा उंची साडेतीन मिमीने उतरली, ते अपेक्षितच होतं. पण त्यानंतरही कमान उघडतच गेली. आता टेम्प्लेटवर ठेवली की तब्बल 9 मिमीचा फरक भरतो.

यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही स्प्रिंगबॅकच्या (वाकवलेलं लाकूड परत थोडं उघडणं) नावावर खपतात. खरा स्प्रिंगबॅक साच्यातून काढताक्षणी होतो. त्याचा अंदाज सोपा आहे: साच्याची उंची भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. सहा थरांना 120 भागिले 36, म्हणजे 3.3 मिमी. पाच थरांना 4.8, आठ थरांना 1.9, बारा थरांना जेमतेम 0.8. तेवढी उंची साच्यातच वाढवून ठेवली की हिशेब मिटतो. मात्र सगळे थर सारख्या जाडीचे हवेत.

उरलेल्या साडेपाच मिमीचं कारण वेगळं आहे. पीव्हीए वाळला तरी थर्मोप्लास्टिकच, म्हणजे उष्णतेने मऊ होणारा, राहतो. वाकवलेली प्रत्येक पट्टी सरळ व्हायला बघते, त्यामुळे गोंदाच्या रेषेवर कातर ताण कायम असतो आणि त्याखाली गोंद सावकाश सरकतो. हीच क्रीप. ओळखायची तर कमानीच्या कापलेल्या टोकावरून नख फिरवा. कापताना गुळगुळीत असलेल्या टोकाला आता बारीक पायऱ्या लागतात. पाचही रेषा मिळून अर्ध्या मिमीच्या आसपास, पण नखाला चुकत नाहीत.

यावर ‘थर वाढवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पट्टी पातळ झाली की ताण घटतो, क्रीपही घटते, पण थांबत नाही. शिवाय प्रत्येक जादा पट्टीमागे करवतीच्या वाटेने लाकूड भुशात जातं. म्हणून गोंद बदलून पाहिला: तोच साचा, एकाच फळीच्या पट्ट्या, एका नमुन्याला पीव्हीए आणि दुसऱ्याला युरिया फॉर्माल्डिहाइड (यूएफ, पावडरीत पाणी मिसळून करायचा गोंद). सुटताना दोन्ही सारखेच उघडले. पुढे पीव्हीएचा नमुना सरकत राहिला, यूएफचा जागचा हलला नाही. टेम्प्लेटची पेन्सिलरेघ आणि कमानीची कड आजही एकमेकींवर बसतात. हे बघायला फार बरं वाटतं!

यूएफचे नखरे आहेत. पावडर आणि पाणी वजनाने मोजा, चमच्याने नको. गुठळ्या झालेली पावडर सरळ फेकून द्या, आणि डब्यावर उत्पादनाची तारीख न छापणाऱ्या पुरवठादाराकडून ती घेऊच नका. खोली 21 अंशांच्या खाली गेली तर गोंद नीट घट्ट होत नाही. फार गरम हवेत लावायलाच वेळ पुरत नाही. क्लॅम्प रात्रभर राहू द्या. बाहेर आलेला गोंद काचेसारखा कडक आणि धारदार होतो, रंध्याची धार तो पहिल्या फटक्यात घालवतो. आधी स्क्रेपरने काढा, मगच रंधा. घासताना मास्क हवाच.

इपॉक्सीही चालली असती, पण ती जोरात आवळली की सांध्यातून सगळी पिळून निघते.

बाकी कृती जुनीच. 18 मिमी एमडीएफचे थर रचून साचा, त्यावर पॅकिंग टेप. दाब बाहेरून 6 मिमी प्लाय आणि रबरशीटमधून, क्लॅम्प मध्यापासून टोकांकडे. 24 मिमी जाडीच्या या कमानीत सारख्या लांबीच्या पट्ट्यांची टोकं प्रत्येक बाजूला 10 मिमीच्या वर मागेपुढे होतात, म्हणून दोन्हीकडे 40 मिमी जादा ठेवलं. पट्ट्या बँडसॉवरून (पट्टा-करवतीवरून) निघाल्या त्याच क्रमाने लावल्या, त्यामुळे कडेवर सांधे शोधावे लागतात. या खेपेला 80 मिमी रुंद एकच कमान चिकटवून ती उभी चिरून दोन केल्या. जोडी आपोआप जुळते, खुर्ची झुलताना एका बाजूला सरकत नाही.

खुर्चीचे हात मॉर्टाइज-टेननने (भोकात जीभ बसवायच्या सांध्याने) पुढच्या पायांवर बसवायचे ठरलं होतं. ते आता रद्द करावंसं वाटतंय. फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्व्हार आल्तो यांच्या 1933च्या स्टूल 60चा एल-पाय आठवा: भरीव पायाच्या टोकात धाग्याला समांतर खाचा, त्यात गोंद लावलेली व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे), मग वाकवणं. पाय आणि हात एकाच तुकड्यात निघाले तर कोपऱ्यातला सांधाच उरत नाही. आतली त्रिज्या 75, जाडी 30 धरली तर बाहेरचा चाप 165 मिमी, म्हणजे खाच निदान 200ची, आणि त्यात हाताची लांबी मिळवायची. काटकोनात आतलं पान (खाचांमधली लाकडाची पातळ पट्टी) बाहेरच्यापेक्षा साधारण 45 मिमी पुढे येतं, तेवढं कापायला सोडावं लागेल. पानं दीड मिमीची. त्याहून जाड ठेवली तर या त्रिज्येला आतलं पान तडकायची भीती. बँडसॉची खाच जेमतेम 1 मिमी, त्यामुळे व्हिनियर 0.9च्या आसपास लागेल. आधी 30 चौरसाच्या टाकाऊ तुकड्यावर खाचा पाडून बघायच्या. ब्लेड थोडं जरी भरकटलं तरी पानं पाचरीसारखी होतील, म्हणून करवतीच्या सरळ आधारपट्टीऐवजी एका बिंदूच्या आधाराने.