तुम्ही विचारलंत म्हणून: बी.ए. असून पाच वर्षांचं लॉ का?

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "ग्रॅज्युएट आहात ना? मग तीन वर्षांचं एलएल.बी. सोडून पोराटोरांबरोबर पाच वर्षांच्या सीईटीला कशाला बसलात?"

माझी बी.ए. दहावीवर झाली. मुक्त विद्यापीठाची, बारावी नसलेल्यांसाठी असते ती पूर्वतयारी परीक्षा दिली आणि थेट पदवीला गेलो. बारावी मध्ये आलीच नाही. पदवी खरी आहे, विकत घेतलेली नाही. पण बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेच्या 2008 च्या नियमांप्रमाणे, मूळ पात्रता (माझ्या बाबतीत बारावी) नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी लॉ प्रवेशाला चालत नाही. बारावी करून बाहेरून बी.ए. केलेल्याची मात्र चालते.

मला हे कळलं कागदपत्रांच्या तपासणीत. तीन वर्षांच्या सीईटीला मार्क चांगले पडले होते. निगेटिव्ह मार्किंग नसतं, त्यामुळे एकही प्रश्न सोडला नव्हता. अर्ज परत आला, शेरा: बारावीची गुणपत्रिका जोडा. मी वकिलांचा कारकून, लोकांच्या अर्जांवरची ऑब्जेक्शनं काढणं हे माझं रोजचं काम. पूर्वतयारीचं प्रमाणपत्र जोडून मोकळा झालो. पुन्हा तोच शेरा. चेंबरमधल्या ज्युनियर मॅडमनी मोबाइलवर नियम काढला, मोठ्याने वाचायला लागल्या, मध्येच थांबल्या. "काका, हे तुम्हीच वाचा." वाचलं. मग त्यांच्याच अपिलाच्या पेपरबुकवर पान नंबर घालायला बसलो. एक नंबर दोनदा पडला आणि पुढचा सगळा गठ्ठा खोडून पुन्हा घालावा लागला. कुणी काही बोललं नाही, त्याचाच जास्त राग आला.

मग बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. आता जुनी बी.ए. चालेल का? चालेल म्हणणारे वकील भेटले, नाही म्हणणारेही. पदवी घेताना बारावी नव्हती ती नव्हतीच. त्यापेक्षा बारावीवर पाच वर्षांचं सरळ. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात, ते आहेत. या सीईटीत गणितही असतं, तेही केलं.

तेव्हा मी नियमाला भरपूर शिव्या घातल्या. आता वाटतं, बारावीचं इंग्रजी या सीईटीच्या उताऱ्यांना कामी आलं की! पण म्हणून नियम बरोबर ठरतो? वकालतनामे भरण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाची बी.ए. एका गुणपत्रिकेवाचून कच्ची कशी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. कॉलेजात 70 टक्के हजेरी लागते, ते ज्यांच्याकडे कारकुनी करतो त्या वकीलसाहेबांशी अजून बोलायचंय.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग हायकोर्टात आव्हान का नाही देत?"

देतो. फी तुम्ही भरताय का?