रक्तालाही वजन असतं

उभं राहून एक हात दोन मिनिटं सैल खाली सोडा. पंजाच्या मागच्या बाजूला शिरा फुगून वर येतील. आता कोपर न वाकवता तोच हात हळूहळू वर न्या. छातीच्या आसपास एका उंचीला त्या शिरा बघता बघता मिटतात. खाली आणला की पुन्हा भरतात. तेवढ्या वेळात हृदय आपल्या चालीने चालूच होतं, हाताची उंची तेवढी बदलली.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात टाकीचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. टाकी जितकी वर, तितकी खालच्या नळाला धार जोरात. शरीरातल्या रक्ताचंही तेच आहे. रक्ताच्या १ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब साधारण ०.७७ मिलिमीटर पारा भरतो (बीपीचे आकडेही याच मापात असतात). हृदयापासून घोटा १२० सेंटिमीटर खाली असेल, तर उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेत नुसत्या वजनामुळे ९० च्या आसपास दाब येतो. डोकं हृदयापेक्षा ३० सेंटिमीटर वर, म्हणून मेंदूला मिळणारा दाब दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा सुमारे तेवीसने कमी. बीपीचा चुकलेला आकडा, कारखान्यातली पाळी संपताना घट्ट होणारी चप्पल आणि उन्हात रांगेत येणारी भोवळ, या तिन्ही गोष्टी याच हिशेबातून निघतात. तरीही दवाखान्यात आणि घरात हा हिशेब फार क्वचित मांडला जातो.

आधी बीपी. आपल्याकडे घरी बीपी कसं घेतलं जातं ते डोळ्यासमोर आणा. माणूस खाटेवर पाय लोंबते सोडून बसलेला, हात बाजूला गादीवर किंवा मांडीवर, मशीन उशीवर आणि समोर कुणीतरी गप्पा मारतंय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ प्रौढांचं बीपी हात तीन ठिकाणी ठेवून मोजलं: टेबलावर आधार देऊन, मांडीवर आणि बाजूला लोंबता. टेबलाच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा सरासरी ३.९ ने जास्त दाखवला, लोंबत्या हाताने ६.५ ने. खालचा आकडाही ४.० आणि ४.४ ने चढला. म्हणजे ज्याचं बीपी खरं १३४ आहे तो केवळ हात लोंबता राहिला म्हणून १४० च्या पलीकडे जातो, आणि कधीकधी त्यावर गोळीही सुरू होते. हात खाली गेला की दंडातल्या धमनीवर वरच्या स्तंभाचं वजन येतं. शिवाय हाताला आधार नसेल तर स्नायू ताणलेले राहतात, त्याचीही भर पडते.

मशीनच्या दंडावर गुंडाळायच्या पट्ट्याचं माप चुकलं तर गडबड याहून मोठी होते. २०२३ मध्ये १९५ जणांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या दंडाला एक्स्ट्रा लार्ज पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा लावला. वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. ज्यांना लार्ज हवा होता त्यांचा ४.८ ने जास्त आला, आणि ज्यांना लहान हवा होता त्यांचा उलट ३.६ ने कमी. कारण सरळ आहे. पट्ट्यातली रबरी पिशवी अरुंद असली की तिचा दाब मांसातून खोलवर धमनीपर्यंत पुरता पोचत नाही, मग धमनी बंद करायला मशीनला जास्त हवा भरावी लागते. म्हणून शिंप्याची टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. २७ ते ३४ सेंटिमीटरला नेहमीचा पट्टा, ३५ ते ४४ ला लार्ज, त्याच्या वर एक्स्ट्रा लार्ज, २२ ते २६ ला लहान. घरच्या मशीनच्या पट्ट्यावरही घेराची मर्यादा छापलेली असते, ती विकत घेतानाच बघावी. मशीनच्या ब्रँडची चौकशी करण्यात लोक जितका वेळ घालवतात, त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी पट्ट्याकडे लक्ष दिलं तरी आकडे सुधारतील.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नको. लघवी करून या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, एकावर एक न टाकता ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, आत दोन बोटं जातील इतका सैल. पट्ट्याचा मधला भाग छातीच्या हाडाच्या मध्याच्या पातळीला आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी केलेली चादर द्या, सोलापुरात तिला तोटा नाही. जमिनीवर बसूनच मोजायचं असेल तर भिंतीला पाठ टेकून शेजारी पाट आणि त्यावर उशी घ्या, हात जमिनीवर टेकवू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते वाढलेलं धरतात. पहिल्याच वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे कायम वापरायचा. दोन हातांत सतत १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, एका बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते.

आता पाय. उभं राहिल्याबरोबर अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. ते परत वर चढवायचं काम पोटरी करते. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्या मधल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये या झडपांचं काम ज्या प्रयोगाने दाखवलं, तो आजही आपल्याच हातावर करता येतो. दंडावर रुमाल जरा आवळून बांधा म्हणजे हाताच्या शिरा फुगतील आणि त्यांवर कुठे कुठे गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. एका शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त कोपराकडे सारत पुढच्या उंचवट्याच्या पलीकडे न्या आणि ते दुसरं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललं की तो खालून भरतो. मग रुमाल लगेच सोडा.

स्तब्ध उभं असताना घोट्याच्या शिरेत ८०-९० चा दाब असतो. आठ-दहा पावलं चाललं की तो ३० च्या खाली येतो. ही किमया पोटरीची. पण थांबलं की शिरा धमन्यांकडून पुन्हा भरू लागतात, आणि झडपा धडधाकट असल्या तरी वीस-पंचवीस सेकंदांत दाब जवळपास मूळ जागी येतो. झडपा ढिल्या झालेल्या, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स असतील, तर त्याहूनही लवकर. म्हणून संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला तासभर फिरणं हृदयासाठी उत्तमच आहे, पण दिवसभर ९० च्या दाबाखाली उभ्या राहिलेल्या पायाची भरपाई त्याने होत नाही. पायाला मोठा व्यायाम एकदा देण्यापेक्षा छोटी हालचाल वारंवार दिलेली जास्त लागू पडते. सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, आणि नेमकं हेच कारखान्यात कुणी सांगत नाही.

यंत्रमागावरचा कामगार दिवसभर चालतच असतो, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात तो मागासमोर उभा असतो, धागा तुटला की एक-दोन पावलं सरकतो, पुन्हा उभा. पोटरी पुरती आवळली जात नाही. दाब वाढलेलाच राहिला की बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि पाळी संपेपर्यंत घोट्याला मोज्याचा वळ उमटतो. अंगठ्याने नडगीच्या हाडावर दहा सेकंद दाबून खड्डा राहतो का बघा. राहिला तर ते साठलेलं पाणी. उपाय मागाजवळच करता येतो: दर पंधरा-वीस मिनिटांनी मागाच्या चौकटीला हात न लावता, भिंतीचा किंवा खांबाचा आधार घेऊन, दोन्ही टाचा पूर्ण उचलायच्या आणि टेकवायच्या, पंधरा-वीस वेळा. टाच अर्धवट उचलली तर पोटरी अर्धीच पिळली जाते. मधल्या सुट्टीत पाय हृदयाच्या वर, म्हणजे पाठीवर झोपून भिंतीला टेकवून, दहा मिनिटं. खुर्चीवर बसून समोर स्टुलावर पाय ठेवले तर आराम वाटतो, पण पाय हृदयाच्या खालीच राहतात.

विडी वळणाऱ्या बायांची अडचण वेगळी. मांडीवर सूप, मान खाली, आणि तासन् तास दुमडलेले गुडघे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत बसण्याचा पायाच्या धमन्यांवर काय परिणाम होतो ते बारकाईने तपासलं. तीन तास सलग बसलं की गुडघ्यामागच्या धमनीतला प्रवाह मंदावतो आणि तिची गरजेप्रमाणे रुंदावण्याची ताकद घटते. २०१७ च्या त्यांच्या एका प्रयोगात माणसं आडवी झोपलेली होती, एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ. तीन तासांनी बिघाड वाकवलेल्या पायात दिसला. म्हणजे नुसत्या घडीचाही वाटा आहे. कारण रक्त वाहताना धमनीच्या आतल्या अस्तराला घासत जातं, त्या घर्षणामुळे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैल होते. (हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे शोधणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं.) प्रवाह मंद झाला की घर्षण कमी, नायट्रिक ऑक्साइड कमी, धमनी ताठर.

२०१६ मध्ये त्याच चमूने तीन तास बसलेल्या ११ तरुणांना एकच पाय हलवायला सांगितला: एक मिनिट हलवायचा, चार मिनिटं थांबवायचा. स्थिर पायाची धमनी बिघडली, हलणाऱ्या पायाची उलट सुधारली. मोठी माणसं पाय हलवणाऱ्या पोराला रागावतात, ते रागावणं थांबवायला हरकत नाही. हे प्रयोग खुर्चीवर बसलेल्या किंवा आडव्या झोपलेल्या निरोगी तरुणांवरचे आहेत, मांडी घालून विड्या वळणाऱ्या पन्नाशीच्या बाईवरचे नाहीत. तरी भौतिकशास्त्र तेच. विड्यांचा प्रत्येक कट्टा (जुडी) बांधून झाला की पाय समोर सरळ पसरायचे, पावलं मिनिटभर पुढे-मागे करायची. घड्याळ बघायला नको, कामच वेळ सांगतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकला की गणितात आणखी एक वाटेकरी येतो: कातडी. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात. फार उष्ण वातावरणात एकट्या कातडीकडे मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त जाऊ शकतं, आणि आरामात असताना हृदय मिनिटाला फेकतं ते सगळं मिळून सुमारे ५ लिटर. त्यात घामाने रक्तातलं पाणी घटलेलं, पायात रक्त साठलेलं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं, दाब कोसळतो आणि सगळ्यात उंचावर असलेल्या मेंदूला आधी फटका बसतो. पंढरीची वाट पंधरा-वीस दिवस चालून आलेला वारकरी वाटेत ठणठणीत असतो आणि दर्शनबारीत उभा राहिल्यावर चक्कर येऊन बसतो, त्याचं कारण हेच. चालताना पोटरी दुसऱ्या हृदयासारखी काम करत होती, रांगेत ती थांबली, आणि स्नायूंतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून उघड्याच आहेत.

डोळ्यापुढे अंधारी, मळमळ, गार घाम सुरू झाला की हातात मिनिटभरच असतो. बसता किंवा आडवं होता आलं तर लगेच व्हा. गर्दीत ते जमत नसेल तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या, कुल्ले आणि पोट जोरात आवळून धरा. रक्त पोटाकडे आणि पायांत साठतं तिथूनच ते वर ढकललं जातं. पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका, पाय वर करून आडवंच ठेवा. बीपीच्या रुग्णाने मीठ घातलेलं ताक तांब्याने पिण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात जड होऊ शकतात, पण त्या मनाने बंद करू नयेत. त्याऐवजी उभं राहून बीपी मोजून दाखवावं: ५ मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते नोंदवा. इथेही हाताची उंची सांभाळायची. उभं असताना हात लोंबता ठेवला तर मशीन सहा-सात पॉइंट जास्त दाखवतं आणि खरी घसरण झाकली जाते. दुसऱ्या कुणीतरी हात छातीच्या पातळीला धरावा.

दाब देणारे मोजे दिवसभर उभं राहणाऱ्याला खरंच उपयोगी पडतात, पण ते सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालायचे, पाय सुजण्यापूर्वी. माप घोट्याच्या आणि पोटरीच्या घेरावर ठरतं, चपलेच्या नंबरावर नाही. वरची कड दुमडू नका, दोन पदर झाले की ती दोरीसारखी आवळते आणि खालची सूज वाढते. विडी-तंबाखूची जुनी सवय असेल आणि चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. चोंदलेल्या धमनीवर असा मोजा घातला तर पायाला मिळणारं थोडकं रक्तही तुटतं. आणि सूज एकाच पायाला असेल, पोटरी गरम आणि दुखरी असेल, तर मोजा नको, मालिश तर मुळीच नको. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल तर त्याच घटकेला.