काळी दोन

“आज ती तीन गाणी अर्धा सूर खाली घेऊ या,” आमचे गायक म्हणाले तेव्हा पावणेआठ वाजले होते. शो आठचा. सांगलीकडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, त्यांचं गॅदरिंग, मैदानात बांधलेलं स्टेज, समोर दोन-अडीच हजार पोरं आणि दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करायचे म्हणून घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालणारे एक सर. आदल्या रात्री नाशिकला कार्यक्रम झाला होता, नंतर रात्रभर एसी बस. गळा बसणारच.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं आणि चहाचा कप परत उचलला. गिटारवाल्याकडे अर्धा सूर उतरवलेली दुसरी गिटार स्टँडवर उभीच असते. ड्रमरला काय, त्याला सगळे सूर सारखे. राहिलो मी.

ज्यांचा बास गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, वाजते. त्याच्या खाली काही नाही, जमीनच लागली. त्या तीनपैकी पहिलं गाणं उभंच आहे त्या मोकळ्या तारेवर; मुखड्याला ती तार सोडून दिली की पोरांच्या छातीत हादरा बसतो. आता गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे जमिनीच्या खाली अर्धा सूर. एक उपाय, तोच सूर वरच्या सप्तकात शेजारच्या तारेवर, दांडीवरच्या सहाव्या घरात वाजवायचा. सूर बरोबर, पण हादरा गेला. दुसरा उपाय, जाड तारच अर्धा सूर उतरवायची. मग त्या तारेवरचं प्रत्येक घर एकाने सरकतं, आणि वीस-पंचवीस वर्षं ज्या बोटांना एक पाढा पाठ आहे त्यांना दहा मिनिटांत दुसरा शिकवायचा. (पाच तारांचा बास आहे माझ्याकडे. घरी होता.)

मी तार उतरवली. पहिली दोन गाणी छान गेली, हादरा बसला. तिसऱ्या गाण्यानंतर मधे बोलणं ठरलं होतं, तेवढ्यात तार परत चढवणार होतो. पण पोरांनी वन्स मोअर केला, गायकांना जोर आला आणि त्यांनी न बोलता थेट पुढचं गाणं धरलं. ते मूळ स्केलमध्येच होतं. पहिल्या ठोक्याला पांढरी पाच हवी होती. बोट सवयीने तिसऱ्या घरात गेलं आणि अख्ख्या मैदानावर, पंधरा-वीस हजार वॉटच्या साउंडमधून, काळी तीन घुमली.

गिटारवाल्याने वळून पाहिलं. ड्रमर हसला. गायकांच्या लक्षातही आलं नाही. तो एक ठोका सोडला तर उरलेलं गाणं मी एक-एक घर पुढे मोजत वाजवलं, घामाघूम होऊन. दहाला पाच कमी असताना स्पीकर बंद झाले.

हे सगळं लिहितोय कारण परवा एका मुंजीत एका काकूंनी विचारलं, “म्हणजे तू दुसऱ्यांच्या मागे वाजवतोस. मग तुझं स्वतःचं काय चाललंय?” प्रश्न मायेपोटीच होता. मी म्हटलं, चाललंय. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या पदांना तबल्याची साथ करायचे, तेव्हा गंधर्व नाटक मंडळीत जाऊन त्यांना कोणी विचारलं असेल का, की खाँसाहेब, स्वतःचं काय चाललंय? ते एकलवादनातले बादशहा होते आणि साथीतही. आपल्याकडे साथ हा शब्द किती चांगला आहे. रॉकवाल्यांचा शब्द साइडमन, म्हणजे बाजूचा माणूस. तरीही हलकं बघणं रॉकमध्येच जास्त, कारण आम्हा सगळ्यांना बँड म्हणजे चार जिवलग मित्र आणि एक क्रांती, असं वाटत वाढवलंय.

मलाही वाटायचंच. डोंबिवलीहून पहिल्यांदा इंडिपेन्डन्स रॉक, म्हणजे आय-रॉक हा रॉकचा महोत्सव, बघायला गेलो तेव्हा अकरावीत होतो. आय-रॉक १९८६ पासून चालू होतं, आणि आमच्यासाठी ते म्हणजे धोबी तलावचं रंगभवन, सेंट झेवियर्सच्या मागे, वर उघडं आभाळ. शांतता क्षेत्रात येतं म्हणून पुढे काही वर्षांत तिथले कार्यक्रमच थांबले. त्या रात्री मी पूर्ण वेळ बासवाल्याच्या समोर उभा होतो आणि शेवटच्या लोकलला कानात शिट्टी वाजत होती. तीन महिन्यांनी जुना बास घेतला. बाबांनी पैसे दिले आणि विचारलं, “यावर गाणं कुठलं वाजतं?” अजून त्याचं उत्तर नीट देता आलेलं नाही.

पहिली कमाई मात्र रॉकची नव्हती. नवरात्रात एका ऑर्केस्ट्रात, रात्रीचे तीनशे, नऊ रात्री. गरब्याला बास वाजवून बघा एकदा. पाऊण तास न थांबता एकच ठेका. बोटाला फोड येतो, फुटतो, आणि त्याच्याच वर दुसरा येतो. तिथला ढोलकीवाला, वयाने बाबांएवढा, दुसऱ्या रात्री म्हणाला, “बाळा, तू प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी भरतोस. ती जागा माझी आहे.” एवढंच म्हणाला आणि पान लावायला गेला. संगीताच्या क्लासला इतके पैसे घातले, त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

माझं वर्ष आता पंचांगावर चालतं. गणपतीत सुपाऱ्या भरपूर, पितृपक्षात शून्य, नवरात्र, मग दिवाळी पहाट. पहाटेच्या कार्यक्रमाचा साउंडचेक चारला. डिस्टॉर्शन लावून वाजवणारा माणूस आंघोळ करून, उटणं लावून, कुर्ता घालून भावगीतांना बास देत बसतो, आणि दुसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतून चिठ्ठी येते: “बास कमी करावा.” दरवर्षी येते. डिसेंबर ते फेब्रुवारी कॉलेजं, मग लग्नं. आषाढ-श्रावण कोरडा. २०२० चा मार्च आला तेव्हा वाटलं आषाढ लवकर लागला. तो पुढे वर्षभर चालला. तेव्हा मी सहा मुलांना व्हिडिओवर बास शिकवला आणि एकालाही आवाज धड ऐकू जात नव्हता, कारण फोनच्या स्पीकरमधून बास येतच नाही.

पैशांचं सांगतो, कारण कोणी सांगत नाही. मानधन ठरतं फोनवर, मिळतं कधीतरी. पाकीट हातात आलं तर उत्तम. कंपनीचा शो असेल तर बिल पाठवायचं, दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात आणि जुलैत रिटर्न भरून त्यातले काही परत मागायचे. एका मोठ्या इव्हेंटचे पैसे मला सात महिन्यांनी मिळाले. तोपर्यंत ज्या मुलीशी मी ईमेलवर भांडत होतो तिने नोकरी सोडली होती, आणि शेवटच्या मेलमध्ये तिने लिहिलं होतं, “सर, माझाही पगार राहिलाय.” स्टुडिओत वाजवलं की एकदाच पैसे, विषय संपला. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, त्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद झाली. चांगलंच झालं. पण एखादं गाणं ज्या बासच्या ओळीवरून लोक ओळखतात ती ओळ बसवणारा त्या व्याख्येत बसत नाही.

म्हणून तारा उकळतो. हे ऐकून लोक हसतात. बासच्या चांगल्या तारांचा सेट दोन-अडीच हजारांना पडतो, आणि दोन-तीन महिन्यांत घाम नि मळ गुंडाळीत बसून आवाज मेणचट होतो. मग तारा काढायच्या, वेटोळी करायची, पातेल्यात पाणी घालून दहा मिनिटं खळखळू द्यायच्या. पाणी चहासारखं होतं. बाहेर काढून फडक्याने पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, परत चढवायच्या. दोन-तीन शोपुरती तरी झळाळी परत येते. आईने त्या पातेल्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय, चुकून कोणी त्यात दूध तापवू नये म्हणून.

या सगळ्यात माझा देव म्हणजे अमेरिकन बासवाला माइक वॉट. कॅलिफोर्नियातल्या सॅन पीड्रो या बंदराच्या गावातला, वडील नौदलात इंजिनरूममध्ये. लहानपणचा मित्र डी. बून गिटारवर, जॉर्ज हर्ली ड्रमवर, असा मिनिटमेन हा बँड त्याने १९८० मध्ये काढला. त्यांच्या पहिल्या मोठ्या तबकडीत अठरा गाणी आहेत आणि ती पंधरा मिनिटांत संपतात. त्यांचा परवलीचा शब्द होता ‘इकोनो’, म्हणजे आपली काटकसर: स्वतः व्हॅन चालवायची, स्वतः सामान उचलायचं, ओळखीच्यांकडे जमिनीवर झोपायचं. २२ डिसेंबर १९८५ ला अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात बून गेला. वॉटने वाजवणंच सोडलं होतं. ओहायोहून एक चाहता, एड क्रॉफर्ड, थेट येऊन धडकला आणि त्यातून फायरहोज हा नवा बँड उभा राहिला. तो १९९४ पर्यंत चालला.

मला जास्त भावतो तो पुढचा भाग. २००० साली वॉट मरता मरता वाचला. शरीरात गळू झालं होतं. महिनोन् महिने अंथरुणात. उठला तेव्हा बोटं ऐकेनात. ज्या माणसाच्या बासमध्ये पूर्वी सुरांची नुसती धांदल असायची, तो स्टूजेस या रॉक बँडची जुनी गाणी घेऊन बसला, कारण त्यांत सूर थोडे आणि सगळं काम ठेक्याचं. मग जे मॅस्किस नावाच्या रॉक गिटारवाल्याने त्याला आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं, त्या दौऱ्यात स्टूजेसचा गिटारवाला रॉन अ‍ॅशटन येऊन वाजवून गेला, आणि २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात स्टूजेस परत एकत्र आले तेव्हा बासवर वॉट. वय पंचेचाळीस आणि बँडमधला सगळ्यात धाकटा! मूळ बासवाला डेव्ह अलेक्झांडर १९७५ सालीच वारला होता. त्याने तरुणपणी बसवलेल्या ओळी वॉट पुढची दहा वर्षं स्टूजेसच्या गायकाच्या, इगी पॉपच्या, मागे उभा राहून वाजवत होता, आणि मधल्या सुट्ट्यांत स्वतःचे तिघांचे बँड घेऊन स्वतःच व्हॅन हाकत होता. दौऱ्याची रोजनिशी लिहायचा: कुठे काय खाल्लं, कोण भेटलं, शोमध्ये आपण कुठे चुकलो. चुका तर फार मन लावून लिहितो. सांगलीच्या काळी तीनची नोंद मी त्याच्याच नादाने त्या रात्री बसमध्ये केली.

तर काकू, माझं स्वतःचं असं चाललंय. तिघांचा बँड आहे, गाणी मराठीत, नाव सांगत नाही कारण ते आम्ही एकोणिसाव्या वर्षी ठेवलं होतं आणि आता बदलता येत नाही. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला पहिलं एनएच७ वीकेंडर हे संगीत महोत्सव झालं, तिथे आम्ही तिघे तिकीट काढून गेलो, परत येताना शिवनेरीत ठरवलं की आता रेकॉर्ड करायचंच. २०११ मध्ये केलं. पाचशे सीडी छापल्या, लोअर परळच्या ब्लू फ्रॉग या म्युझिक क्लबला वाजवायचं स्वप्न बघितलं. ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं, आमचा नंबर लागला नाही. दोनशेच्या वर सीडी माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराच्या मागे. त्यानंतर दोन रेकॉर्ड केली, दोन्ही भावगीतांच्या आणि गॅदरिंगच्या पैशांवर. त्या चिठ्ठीवाल्या आजोबांना कल्पना नाही की आमच्या दुसऱ्या रेकॉर्डचं मिक्सिंग त्यांच्या तिकिटातून झालंय.

पुढच्या महिन्यात २१ तारखेला ठाण्यात आमचा शो आहे. साठ खुर्च्यांची जागा. आणि आठ दिवसांपूर्वी आमच्या ड्रमरचा फोन आला की त्याच दिवशी एका गायिकेबरोबर इंदूर आलंय, तीन शो सलग, विमानाने. “तू काय केलं असतंस?” त्याने विचारलं. मी गेलोच असतो.

म्हणजे आमच्याच बँडला आता साथीदार हवा होता. बदलापूरचा एक पोरगा सापडला, बावीस वर्षांचा. पहिल्याच फोनवर मी त्याला मानधनाचा आकडा सांगितला आणि निम्मे लगेच पाठवले. तो जरा गोंधळला. आठ गाणी पाठवली. चौथ्या दिवशी रात्री अकराला त्याचा फोन.

“दादा, तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी बास दोन मात्रा उशिरा येतो. ते बसवलंय, की चुकलंय?”

चुकलंय. २०११ साली, रात्री दोनला, शेवटच्या टेकमध्ये मी मोजायला विसरलो आणि परत वाजवायला स्टुडिओचे तास उरले नव्हते. तेव्हापासून आम्ही तिघे ते तसंच वाजवतो.

“बसवलंय,” मी म्हटलं. “थांब तिथे माझ्यासाठी.”