स्कॅनर एक, कॉम्प्युटर तीन

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘फोटो स्टुडिओ’ लिहिलंय. बदलायची राहून गेली आहे. आत आलात तर कॅमेरा कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोपुरता. टेबलावर पांढरे हातमोजे, धूळ उडवायचा रबरी फुगा, निगेटिव्हच्या पट्ट्या आणि मधोमध एक उभा काळा ठोकळा, बुटाच्या खोक्याएवढा. तो निकॉनचा कूलस्कॅन ५०००, निगेटिव्हचे डिजिटल फोटो करणारा स्कॅनर. आमचं पोट गेली कित्येक वर्षं त्याच्यावर चालतं.

दुकान सासऱ्यांनी ठाण्याच्या नौपाड्यात काढलं. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो. मागच्या खोलीत डार्करूम आणि तिथे काम करणारे काका. काका अजूनही आहेत, डार्करूम मात्र आता नाही. डिजिटल आलं, पाठोपाठ मोबाइल आला. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांची अशी दुकानं होती, त्यांना सगळं ठाऊक आहे.

स्कॅनर आम्ही सेकंडहँड घेतला, फोर्टातल्या बंद होत असलेल्या एका प्रोसेस हाउसकडून. सोबत त्यांचा विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटरही आला. “एवढ्यात चांगली बाइक आली असती,” असं आमचे हे म्हणाले होते. चुकीचं नव्हतं. पण ठाण्यात घराघरांतल्या माळ्यांवर निगेटिव्ह पडून आहेत हे मला माहीत होतं, कारण त्यातल्या बऱ्याच आम्हीच काढलेल्या.

गिऱ्हाईक विचारतं, मोबाइलवर फोटो काढून घेतला तर काय बिघडलं? तेव्हा मी हिशोब सांगते. पस्तीस एमएमची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. हे मशीन एका इंचात ४००० ठिपके वाचतं. म्हणजे एका फ्रेमचे साधारण २१ मेगापिक्सेल, आणि १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांसह, ठेवलं तर फाइल १२८ एमबीच्या आसपास. छत्तीस फोटोंचा रोल जेमतेम एका डीव्हीडीत मावायचा. एक रोल, एक डीव्हीडी, असंच आम्ही सुरुवातीला द्यायचो.

एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला बंद झाला. आम्ही त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून टाकली आणि काम चालू ठेवलं. पुढे एका पावसाळ्यात, दिवसातून चारदा लाइट जायचे अशा आठवड्यात, तो सुरू व्हायचाच थांबला. उघडून बघितला तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर पापडासारखे फुगलेले.

नवा कॉम्प्युटर घेतला, विंडोज १०, ६४ बिट. स्कॅनर जोडला. दिवा लुकलुकला, आतून ‘घर्र, टक’ झालं, दिवा स्थिर झाला. म्हणजे मशीन आपल्या बाजूने तयार. आणि पडद्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, पिवळा त्रिकोण. काका म्हणाले, “वहिनी, हा बोलतोय. पण त्या नव्या पोराला याची भाषा येत नाही.”

दुखणं अगदी तेच होतं. निकॉन स्कॅन हे त्याचं सॉफ्टवेअर व्हिस्टापर्यंतचं, आणि ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि विंडोज यांच्यातला दुभाषा, ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. यात कंपनीला बोल लावण्यासारखं मला काही वाटत नाही. उत्पादन थांबलेल्या मशीनसाठी कोण बसून नवे ड्रायव्हर लिहील? सशुल्क सॉफ्टवेअर आहेत. व्ह्यूस्कॅन आहे, सिल्व्हरफास्ट आहे, दोन्ही चांगली. पण काकांचा हात निकॉन स्कॅनवर बसलेला. निगेटिव्हचा तो नारिंगी रंग काढून चेहऱ्याचा रंग नेमका कुठे आणायचा, हे त्यांना त्याच पडद्यावर जमायचं.

मार्ग निघाला तो भाच्यामुळे. तो ऐरोलीला कॉलसेंटरात रात्रपाळी करतो, सकाळी घरी जाताना आला. “मामी, ड्रायव्हर नवा नकोच आहे,” म्हणाला. “विंडोजकडे स्कॅनरशी बोलणारी स्वतःची फाइल आहे, सहीशिक्क्याची. तिला फक्त सांगायचंय की हा माणूस आपला आहे.” ती ओळख करून देणारी चिठ्ठी म्हणजे आयएनएफ फाइल. साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडते. यूएसबीवरचं प्रत्येक यंत्र स्वतःचे दोन क्रमांक सांगतं, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक करून आम्ही ते दोन्ही बघितले आणि फाइलमध्ये आमच्या मशीनच्या नावाची ओळ घातली. झालं एवढंच. पण या एवढ्यात आमचा अर्धा दिवस गेला, कारण नोटपॅडने फाइल सेव्ह करताना शेपटाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ लावलं होतं आणि विंडोजला ती दिसतच नव्हती. नावांची शेपटं लपवून ठेवायची ही सोय कोणाच्या सोयीची, देव जाणे.

त्यानंतर सहीचा प्रश्न. बदललेल्या चिठ्ठीवर खात्रीची डिजिटल सही नाही म्हणून विंडोज ती घेईना. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जायचं, यादी आली की ७ दाबायचा. म्हणजे तेवढ्या एका वेळेपुरती सहीची तपासणी बंद. मग डिव्हाइस मॅनेजरमधून आपली फाइल दाखवायची. लाल चौकट येऊन धमकी देते, तिला हो म्हणायचं. पुन्हा साधं रीस्टार्ट केल्यावर तपासणी चालू होते, पण स्कॅनर ओळखीचा राहतो, कारण खरं काम करणारी फाइल विंडोजचीच असते. कोणी करणार असेल तर सांगते, आपल्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीसाठीच हे करावं. कुठूनही उतरवलेल्या ड्रायव्हरसाठी हा दरवाजा उघडू नये. आणि आधी स्कॅनर चालू करायचा, मग सॉफ्टवेअर. उलटं केलंत तर तासभर बसाल.

मशीन चाललं, आणि आठवड्याभरात दुसरंच निघालं. नवरीच्या मुंडावळ्यांच्या, नवऱ्याच्या पांढऱ्या फेट्याच्या कडांना धुरकट वलय. आम्ही ड्रायव्हरला शिव्या घातल्या. दोष आतल्या आरशावरच्या धुळीचा होता. या आरशाचा लेप काचेच्या मागे नसून पुढे असतो. जोरात पुसलं तर लेपच निघतो. काकांनी श्वास रोखून, शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने, एकाच दिशेने तो पुसला. काडी राखाडी झाली. वलय गेलं.

आता चूक सांगते, ती माझीच. या स्कॅनरला धूळ-ओरखडे काढायची युक्ती आहे, डिजिटल आइस. इन्फ्रारेड उजेड रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातो आणि धुळीवर अडतो, त्यावरून धूळ कुठे आहे ते मशीनला कळतं. पण कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं. चांदीवरही तो अडतो, आणि मशीन चित्रालाच धूळ समजतं. चरईतलं एक कुटुंब आई-वडिलांचा तलावपाळीवरचा फोटो घेऊन आलं. कृष्णधवल निगेटिव्ह, लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हाचा. साल कुठलं यावर भावंडांत वाद. मी घाईत आइस चालू ठेवून स्कॅन केला. आकाश कसं गुळगुळीत, मागची इमारत मेणासारखी. काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आइस काढून परत स्कॅन केला. मागच्या इमारतीला बांबूंची परांची दिसली. ते तलावपाळीजवळचं नाट्यगृह, गडकरी रंगायतन, अजून बांधकामात असलेलं. रंगायतन उघडलं १९७८ ला. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा, आणि मोठी बहीण जिंकली. कृष्णधवलसाठी तेव्हापासून फुगा, मऊ ब्रश आणि डोळे एवढंच वापरतो.

बुरशीवर मात्र इलाज नाही. आपल्याकडच्या दमट हवेत ती फिल्मचा जिलेटिनचा थरच खाते. गेलेलं चित्र कुठलंही मशीन परत आणत नाही. स्टीलच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, माळ्यावर नको, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर नकोच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चाही सपोर्ट संपला. तिसरा कॉम्प्युटर घेतला, विंडोज ११. भाचा आता पुण्याला असतो. फोनवर विचारलं तर म्हणाला, “मामी, तुम्हीच करा.” चिठ्ठी तीच, शिफ्ट तोच, सातचा आकडा तोच. वीस मिनिटं लागली. सगळं लागल्यावर डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवली. त्याच कपाटात एक बंद पडलेला कूलस्कॅनही आहे, सुट्या भागांसाठी घेतलेला.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आरसा पुन्हा पुसायचा आहे. त्यातले चार दिवस स्कॅनिंग बंद राहील. पासपोर्ट फोटो चालू.